गुडघ्याला दहापैकी आठ

आणि आईनं सांगितलं, "आठ."

दहापैकी आठ. हे सांगताना ती लाकडी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. हा जिना दवाखान्याच्या एका खोलीत मधोमध ठेवलेला आहे. तीन पायऱ्या चढायच्या, तीन उतरायच्या, आणि पोचायचं कुठेच नाही. (बढतीची वाट पाहणाऱ्या माणसांसाठी मुद्दाम बनवल्यासारखा आहे. तुला आवडेल.) कठड्याला हात न लावता ती दोनदा चढली होती, दोनदा उतरली होती आणि तिसऱ्यांदा कोणी न सांगताच चढली होती. चेहऱ्यावर एक रेष हलली नव्हती. नर्सनं विचारलं, "आजी, इंजेक्शनच्या आधी तुम्ही आठ म्हणाला होतात. आता किती दुखतंय?" आईनं माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि ट्रंकेच्या तळातून जुनं पातळ काढावं तसे तेच आठ पुन्हा काढून दिले. डॉक्टरांनी ते लिहून घेतले. म्हणजे तिच्या गुडघ्यावर उपचार होणार नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

दादा, नमस्कार राहिला. तो इथे घालते. तीर्थरूप दादास धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (आता तो खरोखर साष्टांग घालता येतो. कसा, ते पुढे येईलच.) तुझी साखर, वहिनींचा दमा आणि तुमचे तीन मजले, सर्वांची प्रकृती कशी आहे? जिने पूर्वीइतकेच उंच आहेत ना? लिफ्टबिफ्ट बसण्याची काही भीती नाही ना? इकडे आम्ही सगळे आहोत तसेच. फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "हं" म्हणतोस, आणि ते "हं" होकाराचं, नकाराचं की टीव्हीवरच्या बातमीला उद्देशून, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. पत्राला "हं" म्हणता येत नाही. आवाज येत नाहीये असंही म्हणता येत नाही.

आधी विषय समजून घे, कारण तू दोनदा "आईचं ऑपरेशन कधी?" असं विचारलंस, आणि हे ऑपरेशन नाही. याला रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन म्हणतात. सांधा झिजला की दुखतो, आणि त्या दुखण्याची बातमी काही बारीक नसा वर मेंदूला पोचवतात. डॉक्टर सांध्याला हातच लावत नाहीत. त्या नसांपाशी सुई नेतात, सुईचं टोक रेडिओलहरींनी तापवतात आणि नस भाजून गप्प करतात. सांधा होता तसाच राहतो, फक्त त्याची तक्रार वरपर्यंत जात नाही. (तुझ्या ऑफिसात वर्षानुवर्षं हीच पद्धत आहे, असं तूच सांगायचास. फरक एवढाच की इथे आधी बधिर करतात.) पण कुठलीही नस भाजून चालत नाही, नेमकी दुखणारी सापडावी लागते. म्हणून आधी एक चाचणी असते. त्याच नसांपाशी काही तासांपुरतं बधिर करणारं औषध घालतात आणि विचारतात, आता किती दुखतंय? दुखणं चांगलं उतरलं तर नस बरोबर, पुढे जायचं. उतरलं नाही तर राम राम. म्हणजे बघ, कपाटाएवढं क्ष-किरणाचं यंत्र, भिंतीएवढे पडदे, शिकून आलेला डॉक्टर, आणि हे सगळं शेवटी एका प्रश्नावर उभं आहे. त्या प्रश्नाला आपल्या घरात आजवर कोणी खरं उत्तर दिलेलं नाही.

"बरं वाटतंय" हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारल्याचं तुला आठवतं का? बाबा तापातून उठले तेव्हा चांगले महिनाभर दोन माणसांचं जेवत होते, पाय पसरून पेपर वाचत होते, आणि कोणी विचारलं की पेपरच्या आडून "आहे तसंच" म्हणत होते. कारण उघड होतं. बरा झालेला माणूस आईच्या हिशेबी रिकामा माणूस. "उतरला का ताप? मग ती बादली घे." दुखणं ही आपल्या घरातली एकमेव रजा होती, आणि मंजूर झालेली रजा आपण होऊन कोण परत करतो? तुझा पाय मुरगळला तेव्हा आपण घर बदलत होतो. शेवटचं कपाट नव्या घरात भिंतीला लागेपर्यंत तू लंगडत होतास. मधे एकदा पाय बदललास. ते आईच्या लक्षात आलं नाही असं तू अजून समजतोस. आलं होतं. तिला कौतुक वाटलं.

म्हणून माझ्यावर पाळी आली तेव्हा मी काय केलं, हे तुला वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण आईचे आठ त्यातून निघाले आहेत.

माझ्या पाठीचं तुला माहीत आहे, म्हणजे मी तुला सांगितलेलं आहे. कंबरेच्या जरा वर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. उभं राहिलं की दुखायचं, मागे वाकलं की दुखायचं, रात्री कूस बदलायची तर ती आधी ठरवावी लागायची. आणि मी कामाला आहे गाद्यांच्या दुकानात. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "पाठ विसरा." माझं काम गिऱ्हाइकासमोर गादीवर आडवं होऊन दाखवायचं. आडवी मी होत असे. उठता येत नसे. मग मी छताकडे बघत गादीचे गुण सांगे, हमी सांगे, धुण्याची रीत सांगे आणि उठण्याचा विषय टाळे. गिऱ्हाइकाला वाटे, या बाई रोज इथेच असतात तरी उठायला तयार नाहीत, म्हणजे गादीत काहीतरी असलं पाहिजे. विक्री वाढली. मालकांनी मला चार लोकांत बोलावून एक उशी भेट दिली. उपचारासाठी रजा मागितली तेव्हा ते मनापासून हळहळले. म्हणाले, "बाई, एवढं चांगलं चाललंय, कशाला हात लावताय?"

तरी मी गेले. पाठीत औषध घातलं आणि नर्स म्हणाली, घरी जा, नेहमी दुखतं ती कामं करा, संध्याकाळी फोन करीन तेव्हा आकडा सांगा. मी घरी आले. दादा, मी मोजे घातले. उभ्यानं, एका पायावर, भिंतीला न टेकता. मग काढले आणि पुन्हा घातले. न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि मागे वाकले, आणखी वाकले, आणि छताला ओल आली आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्या ओलीकडे बघत मी किती वेळ उभी होते सांगता येत नाही. बाहेरून तुझे मेहुणे विचारत होते, "काय, आत झोपलीस की काय?" मी म्हणाले, "पाठ दुखतेय." हे तोंडातून आपोआप आलं. दुखत काहीच नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा माझे हात भांड्यांत होते. तुझ्या मेहुण्यांनी फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला आणि स्वतः शेजारी उभे राहिले. त्यांच्यामागे भिंतीला शिडी लावलेली होती. (माळा आवरायचा हा त्यांचा जुना बेत. बेत त्यांचा, चढायचं मी.) आई दारात भाजी निवडत बसली होती. नर्स म्हणाली, "सांगा ताई, दहापैकी किती?" मी शिडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात. साडेसातच धरा." आईनं मान हलवली. मुलगी घरच्या वळणावर गेली, याचं समाधान तिच्या तोंडावर मी स्वतः पाहिलं.

दवाखान्यातून निरोप आला की चाचणी निष्फळ, दुखणं या नसांचं नाही, व्यायाम करा. त्या रात्री कूस बदलताना मला माझे साडेसात अर्धा अर्धा करून मोजता आले. मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे तरुण मुलगा आहे, टापटीप, एक शब्द वाया न घालवणारा. मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?" मी म्हणाले, तेव्हा घरचे समोर होते. यावर तो बराच वेळ माझ्या मणक्याचं चित्र बघत बसला. त्यात उत्तर नसावं. मग चाचणी पुन्हा केली. या वेळी नर्सचा फोन मी दुकानात घेतला, मालक बाहेर गेलेले असताना, दोन गाद्यांच्या मधे उभी राहून. मी म्हणाले, "एक." आवाज इतका बारीक निघाला की तिनं तीनदा विचारलं. चोरी केल्यासारखं वाटत होतं, आणि मी घेतलं तर काहीच नव्हतं.

खुद्द उपचार फारच नीरस आहे. पालथं झोपवतात. कातडी बधिर करतात. सुई कुठवर गेली ते पडद्यावर बघतात. मग अगदी बारीक करंट सोडून विचारतात, मुंग्या कुठे येतात, पाय उडतो का. पाय उडाला तर सुई भलत्या नसेपाशी आहे. माझा उडाला नाही. मग त्या नसा एकेक करून भाजतात, प्रत्येकीला चहा गाळायला लागतो तेवढा वेळ. कापणं नाही, टाका नाही, पुरती भूल नाही. दुपारी मी घरी होते आणि पाठीवर नखाएवढ्या चिकटपट्ट्या होत्या.

हाच या उपचाराचा दोष. बिनटाक्याच्या दुखण्याला आपल्याकडे कोणी मान देत नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या, त्यांनी पट्ट्या पाहिल्या, "एवढंच?" म्हणाल्या आणि आणलेल्या संत्र्यांच्या पिशवीकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी घाईनं एक संत्रं सोललं. वहिनींचा फोन आला. त्यांना वाटलं, नस भाजली म्हणजे घरभर वास आला असेल. (त्यांना सांग, आला नाही.) पहिले काही दिवस उलट जास्तच ठणकलं. डॉक्टरांनी ते आधी सांगितलं होतं, पण आधी सांगितलेलं दुखत नाही असं थोडंच आहे. मग एका सकाळी उठले, आणि उठून झाल्यावर लक्षात आलं की उठले.

ही नस वर्ष-दीड वर्षानं पुन्हा वाढू शकते, तेव्हा पुन्हा भाजावी लागेल, असं डॉक्टर दिलगिरीच्या सुरात म्हणाले. मला नवलच वाटलं. गेलेलं कोणी आपण होऊन परत येतं, असं आपल्या घरात आधी झालेलं नाही.

दुखणं गेल्यावर काय झालं? जे होणार म्हणून मी साडेसात सांगितले होते, ते सगळं झालं. माळा आवरला. गॅलरीतली टाकी हलवली. ती नको तिथे बसली म्हणून परत हलवली. दुकानात मी आडवी होते आणि लगेच उठते. गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीसुद्धा एवढ्यात उठलात? विक्री उतरली आहे. मालकांनी परवा हलक्या आवाजात विचारलं की निदान गिऱ्हाइकासमोर थोडा वेळ जुन्यासारखं करता येईल का. मी म्हणाले, आमच्या घरी हे सगळ्यांना येतं. तरीही सांगते, दादा, रात्री कूस बदलता येणं हे या सगळ्याहून मोठं आहे. हे वाक्य मी मोठ्यानं कुठेच म्हटलेलं नाही. लिहून टाकते.

माझं बघून आई तयार झाली. तिचा सांधा बदलायचं ऑपरेशन तिच्या हृदयाला झेपणार नाही, हे आधीच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं होतं. (तू तेव्हा गाडी नीट लागली आहे का ते बघायला खाली गेला होतास. तरी तुझ्यासमोरच.) म्हणजे हा एकच रस्ता उरला होता. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, तरी आई वर्षभरात खाली उतरली ती दवाखान्यापुरतीच. बाकी तिचा संसार गॅलरीतून चालतो. भाजीवाल्याशी ती वरून भांडते, पिशवी दोरीनं खाली सोडते, वर आलेला टोमॅटो नापसंत पडला तर वरूनच परत टाकते. परवा खालच्या बाई तिला म्हणाल्या, "आजी, या ना खाली बसायला." आई म्हणाली, "येते, येते," आणि आत येऊन पलंगावर बसली. पायाला हात लावला नाही. नुसती बसली.

आणि ती त्या लाकडी जिन्यावर तिसऱ्यांदा चढली, कोणी न सांगता, आणि म्हणाली आठ.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "मला डोळे आहेत. पण डोळ्यांनी बघून नस भाजता येत नाही. पेशंट म्हणेल ते धरावं लागतं." मग विचारलं, "तुमच्या घरात हे आनुवंशिक आहे का?" मी म्हणाले, हो. त्यांनी आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं आहे, एकच. चाचणी पुन्हा करतील, पण आधी आजींनी स्वतः कळवावं, लेकीनं नाही. लेकीच्या शब्दाची दवाखान्यात काय किंमत आहे ते तुला वर समजलंच आहे.

घरी आलो. आई आमचा जिना माझ्या पुढे चढली. चढता चढता खालच्या बाईंच्या सुनेबद्दल बोलत होती, दम न लागता. दारापाशी पोचली, तिला काहीतरी आठवलं, आणि तिनं भिंत धरली. आतल्या खोलीपर्यंत भिंत धरून गेली. संध्याकाळी औषध उतरलं तेव्हा मात्र नाटकाची गरज राहिली नाही. पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि दर घडीनंतर गुडघा धरत होती. मी समोर बसले.

"आई, तुला काही कोणी शिडीवर चढवणार नाही. आठ का म्हणालीस?"

"दुखत होतं."

"उड्या मारत होतीस."

"तुला काय कळतंय दुसऱ्याच्या गुडघ्यातलं."

"आता किती आहे?"

"आता आठ."

"आणि तेव्हा?"

तिनं टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "गुडघा चांगला झाला तर तुझ्या दादाला मला न्यावं लागेल. तीन मजले चढता येतील ना मग. म्हणजे त्याला नाही म्हणायची पाळी येणार, तीही माझ्या तोंडावर. ते त्याला जमायचं नाही. लहानपणापासून भिडस्त आहे. त्यापेक्षा दुखू दे."

दादा, हे मी शब्दाला शब्द लिहिलं आहे. एरवी मी लावते ते तिखटमीठ यात नाही.

बाबा गेल्यावर आपण तिघं बसलो होतो तेव्हा तू म्हणाला होतास, "आईला मीच नेलं असतं, पण तिचे गुडघे, आणि माझे तीन मजले." खोटं काहीच बोलला नाहीस. तेव्हापासून दर फोनच्या शेवटी तू विचारतोस, "गुडघा कसा आहे?" आई म्हणते, "आहे तसंच." तू म्हणतोस, "काळजी घे." आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवता. इतकी वर्षं मला वाटायचं की ही प्रकृतीची चौकशी चालली आहे. तिनं मात्र तुझं वाक्य सांभाळून ठेवलं, आणि ते खरं राहावं म्हणून गुडघाही सांभाळून ठेवला. दुखणं रजेसाठी धरून ठेवायचं हे आपल्या घरात सगळेच करत आलो. पण आई एकटीच निघाली, जी दुसऱ्याच्या रजेसाठी दुखवून घेते आहे.

मी तिला तुझ्याकडे पाठवायला टपलेली नाही, हे स्पष्ट लिहिते. मला तिचं ओझं नाही. (आहे. पण ते दुसऱ्याला द्यावं एवढं नाही.)

दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून इतकं लांबलं. हे मी आमच्या सगळ्यांत महागड्या गादीवर पालथी पडून लिहिते आहे. मालकांनी दोनदा डोकावून पाहिलं आणि समाधानानं परत गेले. त्यांना वाटलं, जुने दिवस आले. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, जिन्याला सप्रेम आठवण.

तुझी,
कोणाला न विचारता कूस बदलणारी
धाकटी बहीण

ता. क. वहिनींनी आमच्या गाद्यांबद्दल विचारलं होतं. घेऊ नका. मी झोपून पाहिल्या आहेत.

दुसरा ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तू आईला एक फोन कर आणि गुडघ्याचं नाव न काढता बोल. नेणार असशील तर नेईन म्हण. नेणार नसशील तर नाही म्हण. मला दोन्ही चालतील, तिलाही चालतील. न चालणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे मधे गुडघा घालणं. तेवढा तिला परत दे. तो तिचा आहे.

तिसरा ता. क. वरचं दुपारी लिहिलं. संध्याकाळी घरी येताना विचार केला. तुला पत्र मिळणार, तू ते वाचून बाजूला ठेवणार, वहिनी विचारणार, तू "हं" म्हणणार. तोवर डॉक्टरांनी दिलेली संधी निघून जाईल. म्हणून तुझं काम मीच केलं. आईला सांगितलं की दुपारी दादाचा फोन आला होता, आणि तो म्हणाला, गुडघा बरा झाला तरी मला आईला न्यायला जमणार नाही.

आई म्हणाली, "असं म्हणाला? स्पष्ट?"

"स्पष्ट."

"आवाज चढवून?"

"नाही. उलट हळू बोलला."

"हळू बोलला म्हणजे खरंच बोलला." मी विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "मला काय वाटायचंय. सांगताना त्याला किती जड गेलं असेल. इतकी वर्षं अडकून पडला होता बिचारा. सुटला." आणि ताटात वाढलेलं सगळं जेवली.

तेव्हा दादा, तू सुटलास. मी तुझ्या नावावर खोटं बोलले आहे, असं तुला वाटत असेल तर येऊन ते खोटं पाड. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, चढायला फारसं नाही. आणि वाटत नसेल तर नुसता गप्प राहा. ते तुला येतं.

आज सकाळी. पाकीट बंद करायचं राहिलं होतं म्हणून एवढंच. आईनं चहाच्या आधी मला दवाखान्याचा नंबर लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. नर्सला म्हणाली, "त्या दिवशी मी आठ सांगितले, ते माझे नव्हते." नर्सनं विचारलं असावं, मग तुमचे किती? आई म्हणाली, "दोन." गुरुवारी बोलावलं आहे. मी दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला. मालकांनी दिला. आई आत दवाखान्याच्या पिशवीत चष्मा आणि पाण्याची बाटली भरते आहे, दोन दिवस आधीच.